तोफा गप्प ठेवा

त्या सकाळी ताईची पाळी नव्हतीच. ज्या अधिकाऱ्याची होती त्याचा मुलगा तापाने फणफणला होता. "जा तू, मी बघते," असं आदल्या दिवशी ती म्हणून बसली, आणि घरी येऊन नवऱ्याची बोलणी खाल्ली. नवऱ्याचं बंदराच्या रस्त्यावर औषधांचं दुकान होतं. सुट्टी असली तरी सकाळी ते उघडावं लागे. म्हणजे पाच वर्षांच्या लेकीला दुकानात घेऊन बसणं आता त्याच्या गळ्यात पडलं. "मी औषधं देऊ की हिला बरण्यांपासून लांब ठेवू?" एवढं बोलून तो पाठ फिरवून झोपला.

ताई नौदलाच्या तळावर हवाई बचावाचं काम बघायची. त्यांची खोली जमिनीखाली होती, म्हणून सगळे तिला तळघरच म्हणत. मधोमध एक भलंमोठं टेबल, त्यावर बंदर, शहर आणि बाहेरचा समुद्र रंगवलेला. टेकडीवरच्या रडारवाल्याने फोनवर विमानांचा ठावठिकाणा सांगितला की टेबलाशी उभ्या असलेल्या मुली लांब काठ्यांनी लाकडी ठोकळे सरकवत. भिंतीशी फोन मांडलेले होते. एक टेकडीचा, एक पाण्याच्या टाकीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या टेहळ्याचा, एक तोफांच्या ठाण्याचा, एक शहरात बोलायचा आणि एक थेट तळाच्या प्रमुखांच्या, मोठ्या साहेबांच्या, बंगल्यावरचा. ताई ही त्या खोलीतली पहिली बाई अधिकारी. ती रुजू झाली त्या दिवशी एका खलाशाच्या तोंडून 'मॅडम'ऐवजी 'ताई' निघून गेलं, सगळे खो खो हसले, आणि ते नाव असं चिकटलं की पुढे मोठे साहेबही तिला ताईच म्हणायला लागले.

युद्ध पुकारलेलं नव्हतं. बोलणी चालली होती, आणि बोलणी चालू आहेत तोवर काही होत नाही, असं जो तो एकमेकांना सांगत होता. तरी पहाटे आठ विमानं दक्षिणेच्या समुद्रावर टेहळणीला गेली होती. ती दुपारच्या आत परत यायची होती. तळाची धावपट्टी बंदराच्या आतल्या टोकाला होती. तिच्या पाठीला टेकडी, त्यामुळे उतरणाऱ्या विमानाला समुद्राकडूनच, बंदरातल्या जहाजांवरून खाली यावं लागे.

ताईने खुर्ची ओढली तोच तोफांच्या ठाण्याचा फोन वाजला.

"अगं, तू कशी काय आज?" नाना होते. बंदराभोवतीच्या सगळ्या तोफा त्यांच्या हाताखाली होत्या. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, ताईच्याच गल्लीत राहणारे. सकाळी तळाची गाडी दोघांना एकाच कोपऱ्यावरून उचलायची.

"बदलीवर आलेय, नाना. तुम्ही तरी सुट्टीच्या दिवशी कसे?"

"घरी जावई राहायला आलाय ना. तो जमिनीवर असला की माझ्या खुर्चीत बसतो. आज आकाशात गेलाय, तर म्हटलं आपण ठाण्यावर तरी खुर्ची गाठावी." जावई त्या आठ वैमानिकांपैकी एक होता. नाना त्याची टिंगल केल्याशिवाय त्याचं नाव घेत नसत, आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

त्यानंतर थोड्या वेळाने टेकडीवरून फोन आला. रडारवाल्याला बारमाही सर्दी होती. त्याचा आवाज नेहमीच रडवेला वाटे, म्हणून तो काय म्हणतोय ते ताईला आधी कळलंच नाही.

"पश्चिमेला काहीतरी मोठं दिसतंय, ताई. खूप मोठं. एवढं मी कधी बघितलं नाही."

"आपली आठ असतील."

"आपली दक्षिणेला गेलीत. हे पश्चिमेकडून येतंय."

टेबलाशी उभ्या मुलीने ठोकळा हातात घेतला आणि कुठे ठेवू या नजरेने ताईकडे पाहिलं. ताईने पश्चिमेच्या निळ्या रंगावर बोट ठेवलं. तिथे मोकळा समुद्र होता. तिकडून कोणी यायचं कारणच नव्हतं.

आठवड्यापूर्वी असंच झालं होतं. रडारवर काहीतरी दिसलं, भोंगे वाजले, आणि बंदराच्या वस्तीतली माणसं जमिनीखालच्या आसऱ्याच्या जिन्यावर एकमेकांच्या अंगावर पडली. एक म्हातारा त्या चेंगराचेंगरीत गेला. आलं होतं ते वाट चुकलेलं आपलंच मालवाहू विमान. मोठ्या साहेबांना राजधानीतून इतकं झापलं गेलं की त्यांनी हुकूम काढला: यापुढे मला विचारल्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही.

ताईने बंगल्याचा फोन उचलला. घंटा वाजत राहिली. मग साहेबांच्या बायकोचा आवाज आला, साहेब अंघोळीला गेलेत. "दार ठोका," ताई म्हणाली. "प्लीज, दार ठोका."

साहेब आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पक्षी नाहीत ना? ढग? गेल्या आठवड्याचं ध्यानात आहे ना तुझ्या? खात्री करून घे आणि मला सांग. मी निघतोच आहे."

तिने फोन ठेवला. खात्री करून घे. खात्री कशी करतात? तिने टेकडीला पुन्हा विचारलं. रडारवाला आता खरंच रडल्यासारखा बोलत होता. "जवळ आलंय. फार वेगात येतंय. त्यांच्या नीट ओळी आहेत, ताई, तीन ओळी."

आपण चुकलो तर आणखी एखादा म्हातारा त्या जिन्यावर मरेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि बरोबर असलो तर काय, हा विचार मनात यायलाच तयार नव्हता, इतका तो भयंकर होता. तिने साहेबांना पुन्हा फोन लावला नाही. ती उठली आणि भोंग्याची कळ स्वतःच्या हाताने खाली ओढली. मग नानांना म्हणाली, "नाना, तोफा तयार करा. आपली नाहीत."

"नक्की?"

"नाही. पण करा."

"केल्या," नाना म्हणाले. एक शब्दही जास्त बोलले नाहीत.

भोंगे पुरते वाजायलाही लागले नसतील, तेवढ्यात टाकीवरचा टेहळ्या ओरडला, "आली! पाण्याला लागून येताहेत!" आणि तळघर हललं.

खरं तर आवाज आधी ऐकूच आला नाही. पायाखालची फरशी कुणीतरी खालून लाथ मारावी तशी उसळली. मग आवाज आला. छतातून चुना पडला, दिवे गेले, पुन्हा आले. टेबलावरचे ठोकळे घरंगळले. एक मुलगी टेबलाखाली शिरली. दुसरी, सगळ्यात लहानखुरी, ओक्साबोक्शी रडत होती आणि रडता रडता ठोकळे पुन्हा जागच्या जागी लावत होती.

बातम्या येत गेल्या. तेलाचं जहाज पेटलं. मोठ्या युद्धनौकेला बॉम्ब लागला, ती एका अंगावर कलतेय. माणसं पाण्यात उड्या टाकताहेत आणि पाण्यावर तेल जळतंय. बिनतारी संदेशाचा मनोरा कोसळला. म्हणजे आपल्या आठ विमानांशी बोलायची वाटही गेली. बंगल्याचा फोन मेला. साहेबांची गाडी पुलाजवळ दिसली होती असं कोणीतरी सांगितलं, आणि मग दुसऱ्याने सांगितलं की पूल पडला.

तेव्हा ताईचा मदतनीस, ज्याला त्याच्या वाद घालायच्या सवयीमुळे सगळे वकील म्हणत, तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्हणजे आता तुम्हीच."

तिला ते समजायला क्षणभर लागलं. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, म्हणजे हात कापताना कोणाला दिसले नसते. 

"बंदराच्या रस्त्यावर पडला एक," टाकीवरून निरोप आला. "दुकानांच्या बाजूला."

तिचा हात शहराच्या फोनकडे गेला. दुकानाचा नंबर तिला झोपेतही आठवला असता. वकील बघत होता, मुली बघत होत्या. तिने हात मागे घेतला आणि तोच फोन उचलून अग्निशमनवाल्यांना लावला.

आणि मग, जसं आलं तसंच, सगळं थांबलं. पश्चिमेकडून आलेली विमानं पश्चिमेलाच निघून गेली. वरून फक्त जळण्याचा आवाज येत होता, लांब कुठेतरी चादर टराटरा फाडत असल्यासारखा.

नानांचा फोन आला. "जिवंत आहेस ना? बरं. माझी दोन ठाणी गेली. बाकीची पोरं पिसाळलीत, ताई. आत्ताच एका तोफेने बगळ्यांच्या थव्यावर बार टाकला. बगळे वाचले, यावरून आमच्या नेमाची कल्पना कर." ते हसले. ताईलाही हसू फुटलं, आणि ते हुंदक्यासारखं निघालं.

"नाना, ते परत येतील का?"

"मी असतो तर आलो असतो."

तेवढ्यात टेकडीचा फोन वाजला. तिने तो दुसऱ्या कानाला लावला.

"पुन्हा काहीतरी येतंय," रडारवाला म्हणाला. "नैऋत्येकडून."

नैऋत्य. ती दक्षिणही नव्हती आणि पश्चिमही नव्हती. लहानखुऱ्या मुलीने ठोकळा दोन्हींच्या मधे ठेवला आणि हात तसाच वर धरून उभी राहिली.

वकिलाने तोंड उघडलं, आणि त्या दिवशी तरी तो वादासाठी वाद घालत नव्हता. "ही दुसरी खेप आहे, ताई. ते वळसा घालून येताहेत. तोफा सोडायला सांगा."

"आपली आठ परत यायची वेळ झालीय."

"आठच आहेत. वाईट वाटून घेऊ नका, पण आठच आहेत. इकडे पाण्यात शेकड्यांनी माणसं आहेत, होड्या त्यांना काढताहेत. तोफा गप्प ठेवल्या आणि ती शत्रूची निघाली तर तो त्या होड्यांवर तुटून पडेल. तुम्ही आठांसाठी सगळं बंदर पणाला लावणार?"

"आपली असली आणि आपणच पाडली, तर पुन्हा कोणी आलं की त्यांच्या अंगावर सोडायला काय उरणार? एकही विमान नाही आपल्याकडे. एकही नाही."

"त्यांना बाहेर थांबायला सांगता आलं असतं तर..."

"तेल संपत आलं असेल त्यांचं. आणि सांगणार कशाने? मनोरा पडलाय."

दोघांचंही बरोबर होतं. हेच सगळ्यात भीतीदायक होतं. कोणीतरी चुकीचं बोलत असतं तर त्याला गप्प करता आलं असतं.

नानांचा फोन अजून तिच्या हातात होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई."

"नाना, मला काही सुचत नाहीये."

"माझ्या जावयाला डोक्यातून काढून टाक आधी. तो आहे असं समजूच नकोस. तुला काय दिसतंय तेवढं सांग. तू सोडा म्हणालीस तर सोडीन, थांबा म्हणालीस तर थांबवीन. पण अर्धवट सांगू नकोस, पोरं अर्धवट हुकमाने मरतात."

तिने डोळे मिटले. मग टेकडीला विचारलं, "नीट बघ आणि सांग. किती आहेत ते तुला मोजता येणार नाही, ठाऊक आहे. चालताहेत कशी?"

"कशी म्हणजे?"

"ओळी आहेत का? मघासारख्या?"

फोनवर रडारवाल्याच्या नाकाची सूं सूं ऐकू आली. "नाही. विस्कटलेली आहेत. संथ आहेत. एक तर सारखं मागे पडतंय."

मघाची विमानं तीन ओळींत आली होती, आखल्यासारखी. ही दमून, रखडत येत होती. कदाचित मार खाऊन. शत्रूचा मारही खाल्लेला असू शकतो, तिच्या मनात आलं, आपल्या आठांनी त्यांना गाठलं असेल, आणि ही उरलेली असतील. प्रत्येक खुणेचे दोन अर्थ निघत होते. तिला वाटलं, कोणीतरी येऊन आपल्या हातातून हा फोन घ्यावा. साहेब यावेत, ओले केस घेऊन, आणि ओरडावं आपल्यावर. दाराकडे बघितलं तर दार बंद होतं.

"नाना," ती म्हणाली, "तोफा गप्प ठेवा. मी सांगेपर्यंत एकही गोळी नाही. ती आपली आहेत."

"नक्की?"

"आपली आहेत."

या वेळी ती खोटं बोलली. तिला नक्की माहीत नव्हतं. पण नानांना अर्धवट हुकूम नको होता.

"ठीक. पण एक घोळ आहे. बांधाच्या टोकाच्या तोफेचा फोन गेलाय, आणि बगळ्यांवाले तेच. विमानं पहिली त्यांच्याच डोक्यावरून येणार. माणूस पाठवला तर ते ऐकायचे नाहीत. मीच जातो."

समुद्रात लांबवर गेलेला दगडी बांध. त्याच्यावर आडोसा म्हणून काही नव्हतं. "नाना, दुसरं कोणी..."

"दुसऱ्याला ते शिव्या देतील, मला देणार नाहीत. मी आधीच देतो ना. सायकल आहे इथे कुणाची तरी. माझं वजन पेललं तिने तर तुझं नशीब." आणि त्यांनी फोन आपल्या हाताखालच्याकडे दिला.

पुढचा वेळ ताईला नंतर कधी नीट सांगता आला नाही. लाकडी ठोकळा पुढे पुढे येत होता. कोणी हालत नव्हतं. वकिलाने खिशातून रुमाल काढला आणि न वापरताच पुन्हा ठेवला. तळावरच्या सगळ्या तोफा तिच्या एका शब्दाने मुक्या झाल्या होत्या, आणि वर माणसं तेलातून एकमेकांना ओढून काढत होती, त्यांना ठाऊकही नव्हतं की त्यांच्यावर आता कसलंच छत्र उरलेलं नाही.

"दिसली," टाकीवरून टेहळ्या म्हणाला. "धूर आहे. थांबा. धूर आहे मधे."

"चाकं बघ," ताई म्हणाली. उतरायला येणारं विमान चाकं खाली सोडतं. हल्ला करणारं सोडत नाही. "चाकं आहेत का खाली?"

"दिसत नाही."

"बघ!"

"आहेत! चाकं खाली आहेत! आपली आहेत, ताई, आपली!"

तळघरात एकदम गलका झाला. टेबलाखालची मुलगी बाहेर आली. वकिलाने ताईचा हात धरून जोरजोरात हलवला आणि मग ओशाळून सोडला. टेहळ्या मोजत होता. एक उतरलं. दोन उतरली. एकाचं तेल संपलं, ते धावपट्टीच्या अलीकडे पाण्यात आपटलं, वैमानिक पंखावर उभा आहे, होडी निघाली. तीन. चार. बांधाच्या टोकाची तोफ गप्प होती. नाना पोचले होते.

"सहा," टेहळ्या म्हणाला. "सात. पाण्यातलं धरून आठ." मग तो थांबला. "ताई, मागे आणखी आहेत."

"आठच होती आपली."

"यांची चाकं वर आहेत."

शत्रू त्यांच्या मागे लागून आला होता. घरी परतणाऱ्या विमानांच्या सावलीत, इतक्या जवळून, की रडारवर सगळा एकच थवा दिसत होता. मागे पडणारं ते आपलं नव्हतंच.

"सोडा!" ताई ओरडली. तिचा आवाज चिरकला. "सगळ्या तोफा, सोडा!"

हुकूम फोनवरून ठाण्यावर गेला, ठाण्यावरून एकेका तोफेला गेला. गप्प बसवलेल्या माणसांना पुन्हा जागं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. बांधाच्या टोकाला फोन नव्हता. तिथे नानांनी स्वतः बघून ठरवलं असणार, कारण सगळ्यात आधी तीच तोफ सुरू झाली. त्यांनी दोन विमानं पाडली. तिसऱ्याने बांधावर बॉम्ब टाकला. चौथ्याने दुरुस्तीच्या जहाजावर टाकला, जिथे पाण्यातून काढलेली माणसं नेऊन ठेवली होती. मग धावपट्टीवर उतरलेल्या सातांपैकी दोघांनी, टाकीत उरलेल्या थेंबावर, पुन्हा उड्डाण केलं आणि बाकीच्यांना पळवून लावलं. त्यातला एक जावई होता.

ताईला दुपारी वर आणलं तेव्हा तिला उजेड सोसवेना. मोठे साहेब धक्क्यावर एका पेटीवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. पूल पडला तेव्हा ते पोहून आले होते. ते म्हणाले, "घरी जा." ती पळत सुटली. बंदराच्या रस्त्यावर अर्धी दुकानं पडली होती. नवऱ्याचं उभं होतं, काचा तेवढ्या फुटल्या होत्या. आत भाजलेली माणसं ओळीने निजवली होती आणि नवरा गुडघ्यांवर बसून एकेकाला मलम लावत होता. लेक टेबलाखाली बसून त्याला पट्ट्यांच्या गुंडाळ्या देत होती. तिने आईला बघितलं आणि म्हणाली, "बाबांनी मला बरण्यांना हात लावू दिला." ताई उंबऱ्यातच खाली बसली.

संध्याकाळी ती आणि जावई नानांच्या घरी गेले. नाना बांधावर गेल्याची बातमी त्यांच्या बायकोला, काकूंना, आधीच कळली होती; बॉम्बने त्यांना तिथेच संपवलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, डोळे कोरडे.

"त्यांना बांधावर कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"मी," ताई म्हणाली.

जावई मधे पडला. "आई, ताईंनी तोफा थांबवल्या नसत्या तर आम्ही आठही जण..."

"तुला नाही विचारलं मी," काकू म्हणाल्या. मग ताईला म्हणाल्या, "बस. पहिल्यापासून सांग. माझ्यासाठी काही गाळू नकोस."

ताईने सांगितलं. काहीच गाळलं नाही, 'आपली आहेत' हे खोटं बोलली तेसुद्धा. काकू ऐकत राहिल्या. सायकलचं आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हसत होते?"

"हो."

"म्हणजे घाबरले होते. घाबरले की फार विनोद करायचे. लग्नाच्या दिवशी तर थांबेचनात, माझ्या वडिलांना वाटलं मुलगा वेडा आहे." आणि मग त्यांचा बांध फुटला. ताईने त्यांना जवळ घेतलं. त्यांनी दूर लोटलं नाही, पण धरलंही नाही. ते धरणं पुढे कितीतरी महिन्यांनी आलं.

चौकशी झाली. विचारल्याशिवाय भोंगा वाजवला ते योग्य ठरलं. मोठ्या साहेबांनीच उभं राहून सांगितलं की मी तिला थांबवलं होतं, तो वेळ माझ्या नावावर धरा. तोफांबद्दल मात्र चौकशीवाल्यांचं एकमत झालं नाही. एक म्हणाले, आठ विमानं वाचली म्हणून शत्रूची तिसरी खेप आलीच नाही. दुसरे म्हणाले, दुरुस्तीच्या जहाजावरची माणसं त्या गप्प तोफांमुळे गेली. दोघांकडे पुरावे होते. शेवटी त्यांनी तिला विचारलं, पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय कराल?

"मला माहीत नाही," ती म्हणाली. वकील मागे बसला होता. त्याने मान खाली घातली.

तिला बक्षीसही मिळालं नाही आणि शिक्षाही झाली नाही. राजधानीत बिनधोक कामाची जागा देऊ केली गेली. ती घे म्हणून नवरा हातापाया पडला. तिने नाही म्हटलं, आणि का नाही म्हटलं ते तिलाही धड सांगता येईना. जावयाला आणि वकिलाला घेऊन तिने एक नवी पद्धत बसवली: परतणाऱ्या विमानांनी सरळ बंदरात यायचं नाही. आधी बांधाबाहेर एकेकट्याने वळसा घ्यायचा, मागे कोणी नाही हे टेहळ्याने बघायचं, मगच आत. त्यासाठी प्रत्येकाच्या टाकीत थोडं तेल राखून ठेवायचं.

ती पद्धत पहिल्यांदा वापरली त्या दिवशी तळघरात तीच होती. विमानं आली, बाहेर फिरली. टेहळ्याने एकेक मोजून सांगितलं, मागे आकाश मोकळं आहे. तिने आत यायची परवानगी दिली. हात तसेच कापत होते, आणि तिने टेबलाची कड धरली नव्हती, त्यामुळे या वेळी सगळ्यांना ते दिसत होतं. विमानं एकामागून एक खाली आली. शेवटचं उतरल्याचा निरोप मिळाल्यावरही ती बराच वेळ फोन कानाला लावून उभी राहिली.